ताण आणि जठराचं अस्तर: या चुका टाळा

ताण वाढला, पोटात जळजळ सुरू झाली, की ‘ॲसिड वाढलं’ म्हणून आपण मोकळे होतो. पहिली चूक हीच. जठरातलं आम्ल एरवीही जहालच असतं, रिकाम्या पोटी पीएच दीड-दोनच्या आसपास (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जहाल). तरी अस्तर जळत नाही, कारण त्यावर श्लेष्माचा चिकट थर असतो आणि पेशी त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट सोडत राहतात. ताणात ॲड्रेनालिन हे संप्रेरक रक्त स्नायूंकडे वळवतं, जठराचा रक्तपुरवठा कमी पडतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक थोड्या वेळापुरतं अस्तराला सांभाळूनही घेतं. ते दीर्घकाळ चढं राहिलं, तर मात्र झीज भरून यायला वेळ लागतो. म्हणजे आम्ल तेवढंच असलं, तरी राखण ढिली पडलेली असते.

अशा वेळी डोकं दुखतं म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेणं ही मला सगळ्यात घातक चूक वाटते. ही औषधं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन तयार होऊ देत नाहीत, आणि श्लेष्मा, बायकार्बोनेट, रक्तपुरवठा हे सगळं त्याच्यावरच टिकून असतं. ‘खाऊन घेतली की काही होत नाही’ हाही गैरसमज. गोळी रक्तातूनही अस्तरावर परिणाम करते, त्यामुळे इंजेक्शन घेतलं तरी धोका राहतोच. सोबत स्टिरॉइड चालू असेल तर तो आणखी वाढतो. साध्या डोकेदुखीला ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पोटाला बरं. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या जळजळ झाल्यावर घेऊन लगेच आराम पडत नाही. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असतात.

सगळं खापर ताणावर फोडणंही चुकीचंच. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1982 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा काढला आणि पुढे अल्सरमागे (अस्तरावरच्या जखमेमागे) बहुतेकदा तोच असतो हे सिद्ध झालं. 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यामुळे दुखणं रेंगाळलं तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून घ्या. त्याआधी दोन आठवडे ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवा, नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं किंवा उलटीतून रक्त पडलं, तर ताण कमी होण्याची वाट पाहू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते घरी बसून ठरवू नका. लगेच रुग्णालय गाठा.