कॅपाब्लांकाचे डाव कसे वाचावेत

बुद्धिबळाचा जुना जगज्जेता कॅपाब्लांका, त्याचा डाव पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास एकच गोष्ट वाटते: यात विशेष ते काय? मोहरे बाहेर काढले, दोनचार मारामाऱ्या झाल्या, कुठे एक प्यादं पुढे सरकलं आणि समोरच्यानं डाव सोडला. मिखाईल ताल किंवा गॅरी कास्पारोव्हसारख्या आक्रमक खेळाडूंच्या डावात निदान ठिणग्या तरी उडतात. इथे सगळं सरळ, स्वच्छ, जवळजवळ कंटाळवाणं. मीसुद्धा कॉलेजात असताना वहीत त्याचे चाळीसेक डाव उतरवून काढले होते. अक्षर सुधारलं, खेळ तसूभरही सुधारला नाही. चूक वाचण्याच्या पद्धतीत होती. मी दर वेळी पहिल्या चालीपासून सुरुवात करायचो आणि विसाव्या चालीपर्यंत थकून जायचो.

हा माणूस उलटीकडून वाचायचा असतो, शेवटाकडून. तो स्वतःही हेच सांगायचा, की बुद्धिबळ शिकायचं तर शेवटचा खेळ, म्हणजे मोजके मोहरे उरल्यावरचा, आधी शिका. म्हणून खाली सांगितलेला क्रम थोडा उफराटा वाटेल. तुम्हाला मोहऱ्यांच्या चाली येत असतील आणि घरांची नावं (ए ते एच उभ्या पट्ट्या, १ ते ८ आडव्या ओळी) वाचता येत असतील, तर एवढी तयारी पुरते.

आधी खराखुरा पट मांडा

मोबाइल बाजूला ठेवा. गुंडाळता येणारा प्लास्टिकचा पट असला तरी चालेल, पण मोहरे हातानं हलवा. स्क्रीनवर बाणाचं बटण दाबत गेलं की साठ चाली दोन मिनिटांत संपतात आणि डोक्यात काही उरत नाही. इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणकाचा प्रोग्राम, तर अजिबात सुरू करू नका, त्याची पाळी नंतर येईल. डाव मिळवायला पैसे लागत नाहीत. लिचेससारख्या फुकट संकेतस्थळांवर किंवा कुठल्याही डावसंग्रहात त्याचे महत्त्वाचे डाव सापडतात.

त्याचं आयुष्य एका पानावर लिहून घ्या

डाव कोणत्या वर्षीचा आहे, तेव्हा तो कुठे उभा होता, हे ठाऊक असेल तर चालींचा अर्थ लागतो. पान साधारण असं होईल.

होझे राऊल कॅपाब्लांका, जन्म १८८८, हवाना, क्यूबा. वडिलांचा खेळ बघत बघत चौथ्या वर्षी चाली शिकला. १९०१ मध्ये, वय जेमतेम तेरा असताना, क्यूबाच्या हुआन कोर्सोला सामन्यात हरवलं. पुढे अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नाव घातलं, पण पदवी काही घेतली नाही. १९०९ मध्ये अमेरिकेच्या फ्रँक मार्शलला सामन्यात ८ विजय, १ पराभव आणि १४ बरोबऱ्या असं लोळवलं. १९११ मध्ये स्पेनमधल्या सान सेबास्टियनच्या स्पर्धेत बोलावणं आलं. हा पोरगा इथे कशाला, अशी कुरकुर करणाऱ्यांत ओसिप बर्नस्टाइन होता. कॅपाब्लांकानं त्याला हरवलं आणि स्पर्धाही जिंकली. १९२१ मध्ये हवानात इमॅन्युएल लास्करला ४ विजय, १० बरोबऱ्या आणि एकही पराभव न पत्करता हरवून तो जगज्जेता झाला. १९२७ मध्ये ब्यूनोस आयर्सला अलेक्झांडर अलेखिननं मुकुट काढून घेतला, आणि परतीचा सामना कधीच झाला नाही. १९३६ मध्ये मॉस्कोची स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी नॉटिंगहॅमला बोटविनिकसोबत पहिला क्रमांक वाटून घेतला. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला मॅनहॅटन चेस क्लबमध्ये असताना कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला.

या पानावर एक ओळ लाल शाईनं लिहा: १९१६ ते १९२४, आठ वर्षं, एकही डाव हरला नाही. जगज्जेतेपदाचा सामनाही त्याच आठ वर्षांतला.

एका चालीपासून सुरुवात करा

पूर्ण डाव नको, आधी एक स्थिती. मॉस्को, १९१४. समोर पुन्हा तोच बर्नस्टाइन. पटावर एवढंच मांडा. पांढरा: राजा जी१, वजीर ई२, हत्ती सी३, प्यादी ए२, ई३, एफ२, जी२, एच२. काळा, म्हणजे कॅपाब्लांका: राजा जी८, वजीर बी६, हत्ती डी८, प्यादी ए७, एफ७, जी७, एच७. चाल काळ्याची.

पाच मिनिटं बघा. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आहे, कारण बर्नस्टाइननं नुकतंच ते खाल्लंय आणि खूश आहे. कॅपाब्लांकानं वजीर बी२ वर ठेवला, थेट पांढऱ्या वजिराच्या तोंडी. वजीर खाल्ला तर हत्ती डी१ वर येऊन मात, कारण पांढऱ्या राजाला त्याच्याच तीन प्याद्यांनी कोंडलंय. वजीर ई१ वर मागे घेतला तर काळा वजीर सी३ वरचा हत्ती फुकट खातो आणि त्यालाही मारता येत नाही, पुन्हा हत्तीचा डी१ वर शह आणि पुढच्या चालीला मात. हत्ती सी२ वर आणला तर वजीर बी१ वर शह देतो आणि मग हत्ती जातो. बर्नस्टाइननं डाव सोडला.

आता खरा अभ्यास. ही चाल सापडली याचं कौतुक करून थांबू नका. डाव सातआठ चाली मागे न्या आणि स्वतःला विचारा की ते प्यादं पांढऱ्याला खाऊ का दिलं. काळ्याचं सी३ पर्यंत पोचलेलं प्यादं बर्नस्टाइन कितीतरी चाली घेरत होता, आणि कॅपाब्लांका हत्ती सी५, सी६, सी७, पुन्हा सी५ असा निवांत फिरवत होता. आमिषाच्या आजूबाजूला उगाच घुटमळणाऱ्या माणसासारखा. त्याच्या साध्या चालींत काय दडलेलं असतं, याची चव इथे लागते.

मग एक पूर्ण शेवट: टार्टाकोव्हरविरुद्धचा

या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या. न्यूयॉर्क, १९२४. आठ वर्षांची ती अजिंक्य मालिका रिचर्ड रेटीनं नुकतीच तोडलेली, आणि लगेच पुढच्या फेरीत समोर सॅव्हिएली टार्टाकोव्हर. चौतिसाव्या चालीनंतरची स्थिती मांडा.

पांढरा (कॅपाब्लांका): राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५.
काळा: राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५.

पाच-पाच प्यादी, एकेक हत्ती. सी३ वरच्या प्याद्यावर काळ्या हत्तीचा डोळा आहे. आपल्यापैकी बहुतेक जण इथे ते प्यादं वाचवायच्या मागे लागतील. तुमची चाल कागदावर लिहा, मगच पुढे वाचा.

कॅपाब्लांकानं राजा जी३ वर नेला. प्यादं घे, म्हणाला. काळ्या हत्तीनं सी३ वर प्यादं खाल्लं, वर शह. राजा एच४. हत्ती एफ३ वर, आता एफ४ चं प्यादंही जाणार. इकडे प्यादं जी६. काळ्यानं एफ४ वरचंही खाल्लं, पुन्हा शह. राजा जी५. हत्ती ई४ वर हटला. आणि आता ती चाल: राजा एफ६.

पट नीट पाहा. पांढरा दोन प्याद्यांनी मागे आहे. एफ५ वरचं काळं प्यादं त्याच्या राजाच्या शेजारीच होतं, फुकट मिळत होतं, तरी त्यानं ते खाल्लं नाही. का? कारण ते काळं प्यादं आता पांढऱ्या राजाची ढाल आहे. ते खाल्लं असतं तर काळा हत्ती मागून एफ पट्टीवर शह देत बसला असता. ते जागेवर आहे तोवर मागून शह येणार नाही. आणि इकडे धमकी काय? हत्ती एच८, मात. काळ्यानं या घडीला डी४ चं प्यादं खाल्लं तर डाव तिथेच संपला. म्हणून त्याला राजा जी८ वर न्यावा लागला. मग पांढऱ्या हत्तीचा जी७ वर शह, राजा कोपऱ्यात एच८, आणि त्यानंतर पांढऱ्यानं सी७ चं प्यादं उचललं, पुढच्या चालीला एफ५ चंही, आता काही घाई नव्हती. एकेक करत गेलेलं सगळं परत आलं. बावन्नाव्या चालीला टार्टाकोव्हरनं हात टेकले.

हीच स्थिती सलग तीन दिवस मांडा. पहिल्या दिवशी पुस्तकाप्रमाणे, दुसऱ्या दिवशी आठवणीनं, आणि तिसऱ्या दिवशी काळ्याच्या बाजूनं बसून, कुठे वाचता आलं असतं ते शोधत.

आता मागे चला

शेवट पाठ झाला की डावाच्या सुरुवातीला जा, पण चाली मोजत नव्हे, मोहरे मोजत. कागदावर दोन उभे रकाने करा आणि पटावरून काय काय गेलं तेवढंच टिपा. टार्टाकोव्हरच्या डावात दिसेल: आधी काळ्या घरांवरचे उंट गेले, घोडे गेले, मग पंचविसाव्या-सव्विसाव्या चालीला वजिरावजिरी आणि एकेक हत्ती. उरला कॅपाब्लांकाचा उंट आणि टार्टाकोव्हरचा घोडा. मग त्यानं एच पट्टी उघडली, हत्ती सातव्या ओळीत घुसवला, आणि शेवटी तो उंटही घोड्यासाठी देऊन टाकला. प्रत्येक मारामारीपाशी एकच प्रश्न लिहा: हा मोहरा गेल्यावर पटावर कोण जास्त सुखी आहे? त्याची शैली म्हणतात ती बरीचशी या प्रश्नाच्या उत्तरात आहे. लोक अदलाबदल करतात ती डाव सोपा व्हावा म्हणून, तो करायचा ती समोरच्याचा उरलेला एकच धड मोहरा काढून घेण्यासाठी.

पांढरा कागद आणि अंदाज

दोन डाव असे झाले की तिसऱ्यापासून अंदाजाचा खेळ सुरू करा. चाली पांढऱ्या कागदानं झाका, त्याच्या प्रत्येक चालीआधी आपली चाल लिहा, मग कागद खाली सरकवा. जुळली तर एक गुण. गुण कमीच पडतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. जिथे जुळली नाही तिथेच थांबायचं. बहुतेक वेळा असं दिसेल की आपण काहीतरी करत होतो आणि तो समोरच्याला काहीतरी करू देत नव्हता.

याला उत्तम डाव म्हणजे १९१८ चा, न्यूयॉर्कचा, मार्शलविरुद्धचा. 'स्पॅनिश' नावाच्या ठरावीक सुरुवातीत मार्शलनं आठव्या चालीला मधलं प्यादं डी५ वर टाकून बळी दिला आणि राजावर हल्ला चढवला. पुढे या हल्ल्याला मार्शलचंच नाव पडलं. मार्शलनं ही चाल कितीतरी वर्षं कॅपाब्लांकासाठी राखून ठेवली होती, अशी गोष्ट सांगतात. रंगतदार आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. महत्त्वाचं हे की कॅपाब्लांकानं प्यादं घेतलं आणि घरून तयारी करून आलेल्या माणसासमोर, पटावर बसल्या बसल्या, बचाव शोधून काढला आणि छत्तिसाव्या चालीला जिंकला. त्याच्या बाजूनं अंदाज करत बसा. घाम फुटतो.

हरलेले डाव वगळू नका

प्रौढपणी गंभीर स्पर्धांत आणि सामन्यांत तो चाळीसपेक्षा कमी डाव हरला. त्यातले तीन तरी वाचाच.

पहिला रेटीचा, १९२४ चा. मधली घरं प्याद्यांनी व्यापण्याऐवजी दुरून उंटानं दाबायची, ही तेव्हाची नवी पद्धत. दुसरा इंग्लंडमधल्या हेस्टिंग्सच्या स्पर्धेतला, १९३०-३१ चा, मीर सुलतान खानविरुद्धचा. पंजाबातला हा माणूस आपल्या देशी नियमांवर वाढलेला, म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणारं. माझे आजोबा तसेच खेळायचे आणि आम्ही पोरं दोन घरं प्यादं सरकवलं की 'हे इंग्रजांचं' म्हणून परत ठेवायचे. त्या नियमांतून आलेल्या माणसानं कॅपाब्लांकाला सावकाश, सगळीकडून आवळत हरवलं. अगदी त्याच्याच पद्धतीनं.

तिसरा १९२७ च्या सामन्यातला शेवटचा, चौतिसावा. या सामन्याआधी अलेखिननं कॅपाब्लांकाला एकदाही हरवलं नव्हतं. सामन्यात त्यानं ६ डाव जिंकले, ३ हरले, २५ बरोबरीत. त्यानं आधी कॅपाब्लांकाचे डाव कसून तपासले होते. आपण इथे जे करतोय तेच, फक्त फटी शोधण्यासाठी. कॅपाब्लांकाचा हात सहज चालायचा, आणि सहज चालणारा हात कधीकधी पुरेसं खोदत नाही. चौतिसावा डाव ८२ चालींचा आहे आणि त्याचा शेवट हत्ती-प्याद्यांचा. टार्टाकोव्हरला ज्या प्रकारच्या खेळात त्यानं चीत केलं, त्याच प्रकारच्या खेळात त्याचा मुकुट गेला. हे दोन शेवट शेजारी शेजारी मांडून बघा. दुसऱ्यात अलेखिनचं ए पट्टीवरचं मोकळं प्यादं (ज्याला पुढे अडवायला समोरच्याचं प्यादं उरलेलं नाही) काळ्या हत्तीला कसं बांधून ठेवतं, त्यावर नजर ठेवा.

शेवटी कुणाला तरी समोर बसवा

इंजिन आत्ता उघडलं तरी चालेल, पण त्याआधी टार्टाकोव्हरची ती स्थिती घरातल्या कुणाशी तरी खेळून बघा. तुम्ही पांढरे घ्या, मग बाजू बदला. मी गेल्या दिवाळीत भाच्याबरोबर बसलो होतो. त्याचं वय अकरा, शाळेच्या संघात आहे, माझ्यापेक्षा बरा खेळतो. राजा जी५ पर्यंत त्यानं बिनचूक नेला. मग एफ५ वरचं प्यादं दिसलं आणि त्यानं ते टपकन उचललं. मी हत्तीनं डी४ चं प्यादं खाल्लं आणि त्याच्या पुढच्या चालीनंतर एफ पट्टीवर शह द्यायला लागलो. पाचसहा शहांनंतर तो पटाकडे बघत बसला. मग स्वतःच मोहरे मागे घेतले, ते प्यादं परत एफ५ वर ठेवलं आणि म्हणाला, "मामा, हे खायचंच नव्हतं, नाही का?"