आगबोटीचा पेला आधी उलटा करून बघा

माझ्याकडे जुन्या प्रवासी बोटींचे अकरा धातूचे पेले आहेत. पहिला काकांचा. १९५८ साली ते लिव्हरपूलहून अँकर लाइन कंपनीच्या 'सर्केशिया' बोटीने मुंबईला परतले, तेव्हा बोटीवर घेतलेला. तो लख्ख व्हावा म्हणून मी एका दुकानात पॉलिशला दिला. मशीनच्या बफने चांदीचा मुलामा गेला आणि कोरलेल्या नावातली निम्मी अक्षरंही गेली. ते पुसलेलं नाव बघून आजही वाईट वाटतं. तुमच्या पेल्याचं तसं होऊ नये म्हणून हे सगळं सांगतो.

पेला हातात आला की उलटा करा. बुडावर 'ई.पी.एन.एस.' असेल तर तो चांदीचा नाही. आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो त्यावर विजेने चढवलेला मुलामा आहे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. चांदीचा भाव कुणी सांगितला तर पेला खाली ठेवा.

मग नाव वाचा. बोटीवरच्या जेवणाच्या भांड्यांवर बहुधा कंपनीचंच नाव किंवा चिन्ह असे, कारण ती भांडी एका बोटीवरून दुसरीवर जात. बोटीचं नाव ठळक असेल तर तो प्रवाशांना विकलेला आठवणीचा पेला असण्याची शक्यता जास्त. पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीचा झेंडा पांढरा, निळा, लाल, पिवळा अशा चार त्रिकोणांचा असतो. मीन्याच्या बिल्ल्यात हे चारही रंग नीट बघा. कडेचा एखादा टवका उडालेला असला तर मला चालतो, नवा रंग भरलेला चालत नाही.

भिंग जवळ ठेवाच. जुन्या कोरीव अक्षरांच्या कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात. पेल्याचा कान आणि ओठ झिजलेत, पण अक्षरं मात्र बोटाला टोचतात, असं असेल तर नाव नंतर कोरलंय.

तारखाही जुळवा. पी अँड ओच्या बोटींपैकी 'स्ट्रॅथनेव्हर' १९३१ची, 'स्ट्रॅथमोर' १९३५ची, 'कॅनबेरा' १९६१ची. 'कॅनबेरा'च्या पेल्यावर चाळीसच्या दशकातलं साल दिसलं तर पैसे वाचले समजा.

मुंबईत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर शोधा, शुक्रवार सोडून. गुजरातेत अलंगच्या रस्त्यावरही बोटींचं सामान विकायला असतं, पण तिथे बोटी तोडायला सुरुवातच १९८३ला झाली. 'स्ट्रॅथनेव्हर' तर १९६२ साली हाँगकाँगला तुटली. तेव्हा अलंगचा विक्रेता 'हा तिच्यावरूनच काढलाय' म्हणाला तर हसून पुढे जा.

घरी आणल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ सुती फडकं एवढंच पुरे. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पूड यांतलं काहीही नको. कल्हई तर मुळीच करू नका. प्यूटरचा, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचा पेला गॅसजवळही नेऊ नका, तो फार लवकर वितळतो. जुन्या प्यूटरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून त्यातून ताक किंवा सोलकढी पिऊ नका. पेल्याला रबरबँड लावू नका, चांदी काळी पडते. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि पेला कुठून, कधी, कितीला घेतला ते चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत टाका. काकांच्या पेल्यात मी त्यांच्या बोटीचं पूर्ण नाव लिहून ठेवलंय.