सिम कार्डला पिन लावा, पण अंदाजपंचे नको

फोन चोरणाऱ्याला तुमचा पॅटर्न किंवा बोटाचा ठसा लागतच नाही. टाचणीने ट्रे बाहेर काढायचा, सिम दुसऱ्या फोनमध्ये सरकवायचं, झालं. तुमचा नंबर त्याच्याकडे, म्हणजे ओटीपीही त्याच्याकडे. कव्हरच्या मागे डेबिट कार्ड खुपसून ठेवायची सवय असेल तर त्याचं काम आणखी सोपं.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे अँटिव्हायरस टाका, ॲपलॉक टाका. सिमच फोनबाहेर गेल्यावर ते ॲप काय करणार? कुलूप सिमलाच हवं, म्हणजे दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी ते आधी पिन मागेल. ती सोय प्रत्येक सिममध्ये आधीपासून असते, फुकट.

सेटिंग्जच्या सर्चमध्ये ‘सिम’ टाइप करा. अँड्रॉइडमध्ये सिक्युरिटीखाली ‘सिम लॉक’ सापडेल, आयफोनमध्ये मोबाइल सर्व्हिसखाली ‘सिम पिन’.

आता जरा थांबा, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लॉक चालू करायला गेलात की फोन पिन मागतो. हा तुम्ही ठरवायचा नवा पिन नव्हे. सिममध्ये कंपनीने आधीच भरून ठेवलेला पिन तो मागत असतो. लोक उत्साहाने आपल्या मनातला आकडा टाकतात, तो चुकतो, मग जन्मसाल टाकतात, तेही चुकतं. पडद्यावर ‘एक प्रयत्न शिल्लक’ असं येतं, तेव्हा कुठे कोणाला तरी विचारावंसं वाटतं.

इंटरनेटवर ‘१२३४ टाकून बघा, नाहीतर ०००० टाका’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं. कधी लागतंही. पण मिळतात तीनच प्रयत्न, आणि ही मोजणी फोनमध्ये नाही, सिममध्ये होते. फोन रीस्टार्ट करा, सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, आकडा तिथेच राहतो. तिन्ही चुकले की सिम पीयूके मागतं, म्हणजे अडकलेलं सिम पुन्हा उघडणारा कोड. तो आठ आकडी कोड फक्त तुमच्या मोबाइल कंपनीकडून मिळतो. त्यातही दहा वेळा चुकलात तर सिम कायमचं बाद. मग नवं सिम घ्या, आणि ते सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद, म्हणजे ओटीपीच्या नावाने शंख.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी कस्टमर केअरला फोन करून मूळ पिन आणि पीयूके दोन्ही विचारून घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि मगच सेटिंग उघडायची. दुकानातला पोरगा ‘द्या इकडे, मी करतो’ म्हणाला तरी फोन हातातून सोडू नका. तोही अंदाजच करणार.

लॉक लागलं की लगेच ‘पिन बदला’मध्ये जाऊन स्वतःचा आकडा ठेवा. चार ते आठ आकडे चालतात. एटीएमचा पिन नको, गाडीचा नंबर नको. तो घरच्या डायरीत लिहा, फोनच्या कव्हरमध्ये नाही! दोन सिम असतील तर दोघांना वेगवेगळं लॉक लावावं लागतं. फोन एकदा बंद-चालू करून पिन मागतोय ना, ते बघा.

एक गैरसोय मात्र आहे. रात्री अपडेट होऊन फोन आपोआप रीस्टार्ट झाला, तर पिन टाकेपर्यंत तुम्हाला कोणाचाही कॉल येणार नाही. घरात आजारी माणूस असेल तर रात्रीचं अपडेट बंद ठेवा. पण तेवढ्यासाठी पिनच काढून टाकणं मला पटत नाही.

लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा. नाहीतर सिम न काढताच ओटीपी वाचता येतो.

कंपनीला फसवून कोणी तुमच्या नावावर डुप्लिकेट सिम काढलं, तर हा पिन उपयोगाचा नाही. फोनवर अचानक नेटवर्क गेलं आणि बराच वेळ आलंच नाही, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला विचारा.

*#०६# दाबून येणारा पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, त्याच डायरीत उतरवा. फोन चोरीला गेलाच तर आधी सिम ब्लॉक, मग बँक, मग पोलीस तक्रार. तिची प्रत जोडून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करता येतो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.