चारचौघांसारखं राहायचंय? मग असं करा

सगळ्यांना हटके दिसायचंय आणि तुम्हाला मात्र चारचौघांसारखंच बरं वाटतं ना, मग आधी त्याची सफाई देणं बंद करा, "मी जरा बोरिंगच आहे" असं तर अजिबात म्हणू नका. कपडे, फोन, हेअरकट, बहुतेक लोक घेतात तेच सरळ घ्या आणि वाचलेला वेळ आपल्या माणसांना द्या.

फक्त डोळ्यांना दिसतंय ते नाकारू नका हं. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या १९५१ च्या प्रयोगात नुसती रेघांची लांबी ओळखायची होती, तरी बाकीचे ठरवून चुकीचं बोलले की बरेच जण त्यांच्यामागे गेले, पण उत्तर गुपचूप कागदावर लिहायचं असलं की हे खूप कमी व्हायचं. म्हणून हिशोब, तब्येत, कुणावर होणारा अन्याय असल्या बाबतीत आधी स्वतःचं मत लिहून ठेवा, मगच इतरांना विचारा.