मानसिक आजाराचा दिव्यांग दाखला काढायला निघण्याआधी

आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा हे सगळे सांगतातच. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरताना आधारवरचं आणि केसपेपरवरचं नाव जुळतंय ना, तेवढं पाहा.

आता खरं काम. आजाराचा पहिला कागद शोधा. परवाचं प्रिस्क्रिप्शन नव्हे, सगळ्यात पहिला, तारीख आणि शिक्का असलेला. धाकट्या भावाच्या वेळी मी गेल्या दीड वर्षाचेच कागद नेले, फाईल सुटसुटीत दिसावी म्हणून. आजार अकरा वर्षांचा! मानसिक आजाराचं दिव्यांगत्व ‘आयडियाज’ मापनपट्टीवर मोजतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना 0 ते 4 गुण, आणि त्यात आजार किती वर्षांचा याचे गुण मिळवतात. दोन वर्षांच्या आतला असेल तर 1, दहाच्या वर गेला तर 4. बेरीज 7 झाली की 40 टक्के, आणि त्याखाली बहुतेक योजना मिळत नाहीत. भावाला चार बाबींचे मिळून 5 आणि कागदांवरून दिसणाऱ्या काळाचा 1. सहाच झाले. पहिला केसपेपर तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत होता, घडीवर फाटलेला, शाई उडालेली, पण ‘तीन महिने झोप नाही, आवाज ऐकू येतात’ आणि खाली तारीख स्वच्छ वाचता येत होती.

डॉक्टर बदलले असतील तर जुन्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क दिलाय. डिस्चार्ज कार्ड, जुनी औषधांची बिलं, काहीही चालेल असं समजून गोळा करा. तारखेप्रमाणे लावा, पहिला कागद सगळ्यात वर.

रोज सोबत राहणारं माणूस न्या. डॉक्टरांनी विचारलं की पेशंट ‘बरा आहे’ म्हणून मोकळा होतो. आमच्या आईनेही मायेपोटी ‘सगळं करतो हो तो’ असं सांगून टाकलं. आंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, शेवटचं काम किती दिवस टिकलं, पैशांचा व्यवहार जमतो का, हे आदल्या रात्री लिहून काढा. वाढवून सांगू नका आणि लाजेने लपवूही नका. आणि ‘आजारी दिसावा’ म्हणून चार दिवस गोळ्या बंद करायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. त्यात माणूस पुन्हा आजारी पडतो.

पहिला कागद घेतला? मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. निघताना पुन्हा बघा.

टक्केवारी पटली नाही तर निर्णयापासून 90 दिवसांत अपील करता येतं. दाखला तात्पुरता असेल तर मुदत कॅलेंडरवर लिहा. मग संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कार्यालय: उत्पन्नाचा दाखला, पासबुक, खातं आधारला जोडलेलं. निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा मानसिक आजाराला लागू नाही, त्यात वेळ घालवू नका. कर भरणाऱ्या घरच्यांना जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची वजावट मिळते. पहिला कागद परत फाईलमध्ये ठेवा, नूतनीकरणाला लागेल.