नुसते ‘कमिट’ म्हटले तर काय घडावे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी आम्ही तिघे मिळून कापूस खरेदीच्या वजनपावत्यांचा प्रोग्राम सांभाळतो. एका हंगामात घाईघाईने सगळ्याच फाइली कमिट झाल्या, म्हणजे प्रोग्रामच्या बदलांच्या इतिहासात नोंदल्या गेल्या, आणि तपासणीसाठी ठेवलेली शेतकऱ्यांच्या बँक खात्यांची यादीही सर्व्हरवर गेली. पुढच्या कमिटमध्ये आम्ही ती काढली, पण इतिहासात ती राहिलीच. तेव्हापासून कमिटसारख्या आज्ञेचे मूळ वर्तन, म्हणजे वेगळे काही न सांगता ती काय करील, हे ठरवताना मी आधी एवढेच पाहतो, की कोणती चूक निस्तरता येते. राहून गेलेली फाइल ‘अमेंड’ने, म्हणजे शेवटचे कमिट दुरुस्त करण्याच्या सोयीने, लगेच जोडता येते, बाहेर गेलेली माहिती मात्र परत घेता येत नाही.

मर्क्युरिअल आणि गिट ही बदलांचा इतिहास ठेवणारी दोन्ही साधने २००५ सालची. मर्क्युरिअलमध्ये नुसते कमिट म्हटले की आधीपासून नोंदीत असलेल्या फाइलींमधले सर्व बदल जातात. गिटमध्ये स्टेज केलेले, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलेले बदल तेवढेच जातात आणि काहीच स्टेज नसेल, तर आज्ञा काहीही न करता थांबते. गिटवर स्वतःची आज्ञा बसवायची असेल, तर स्टेज केलेले काही असताना तेवढेच न्यावे, कारण कोणी एका फाइलमधले मोजकेच बदल निवडून ठेवले असतील, तर ती निवड मोडण्याचा अधिकार आज्ञेला नाही. काहीच स्टेज नसेल, तर बदललेल्या फाइलींची नावे दाखवून ‘या सर्व घ्यायच्या का?’ असे विचारावे आणि नुसते एंटर दाबल्यास उत्तर ‘नाही’ धरावे. नव्या, अजून नोंदीत नसलेल्या फाइली वेगळ्या दाखवाव्यात, पण आपणहून कधीच घेऊ नयेत. आमची यादी अशीच नवी फाइल होती. आज्ञा स्क्रिप्टमधून चालत असेल, तर प्रश्न न विचारता, काम झाले नाही असा त्रुटीचा संकेत (एरर कोड) देऊन थांबावे, नाहीतर रात्रीचे काम उत्तराची वाट पाहत अडकून पडते.

प्रत्येक कमिटसोबत बदल कशासाठी ते सांगणारा संदेश लिहायचा असतो; रिकामा संदेश गिट नाकारतो, तो नियम तसाच ठेवावा. ‘कमिट.व्हर्बोज’ ही गिटची सेटिंग चालू केली की संदेश लिहिताना खाली प्रत्यक्ष बदल दिसतात, आणि नको असलेली ओळ तिथेच डोळ्यांत भरते. भारनियमनात संगणक बंद पडला, तरी सेव्ह केलेला मजकूर ‘.गिट’ फोल्डरमधल्या ‘COMMIT_EDITMSG’ फाइलमध्ये सापडतो. आपल्या आज्ञेने पुढच्या वेळी तो पुसण्याआधी दाखवावा.