परमँगनेटचं टायट्रेशन: सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) चावी फिरवण्याआधीच बिघडतो

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावी रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकाला ३० गुण आहेत. त्यातल्या पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून सोडत त्याची तीव्रता काढण्यात, मुलं एंड पॉइंटची (अभिक्रिया पूर्ण झाल्याचं रंगावरून कळतं तो क्षण) धास्ती घेतात, पण खऱ्या चुका आधीच्या तयारीत होतात.

मोहर सॉल्टचं (फेरस अमोनियम सल्फेट) ०.१ एम (मोलर, म्हणजे लिटरमागे ०.१ मोल) द्रावण १०० मिली करायला ३.९२ ग्रॅम लागतं. खडे फिकट हिरवे हवेत. पिवळट-तपकिरी दिसले, तर त्यातल्या फेरसचं ऑक्सिडेशन सुरू झालंय. सरळ दुसरी बाटली मागा. खडे नुसत्या पाण्यात विरघळवू नका. आधी थोडं विरल सल्फ्युरिक ॲसिड घाला, मग डिस्टिल्ड पाणी, नाहीतर द्रावण गढुळतं.

मग विसळणं, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. ब्युरेट (खाली चावी असलेली, मापाच्या खुणांची नळी) शेवटी परमँगनेटने विसळायची, पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) मोहर सॉल्टच्या द्रावणाने, आणि कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड पाण्याने. फ्लास्क मोहर सॉल्टने विसळला, तर मोजून घेतलेल्या १० मिलीत न मोजलेली भर पडते आणि रीडिंग वाढतं. ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तरी परमँगनेट पातळ होऊन तेच होतं. फ्लास्क मात्र पाण्याने ओला असला तरी चालतो, कारण पाणी घातल्याने त्यातले मोल बदलत नाहीत.

ब्युरेट काचेच्या चावीचीच घ्या. परमँगनेट रबर खातं. भरल्यावर चावी क्षणभर पूर्ण उघडून टोकातला हवेचा बुडबुडा घालवा. तो मधेच निसटला तर तेवढी जागा भरायला लागलेलं द्रावणही तुमच्या रीडिंगमध्ये मोजलं जातं. फनेल काढून ठेवा. द्रावण गडद असल्यामुळे वरची कड डोळ्याच्या पातळीवर धरून वाचा. पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढू नका, टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवा.

फ्लास्कमध्ये साधारण अर्धी टेस्ट ट्यूब विरल सल्फ्युरिक ॲसिड घाला. ते कमी पडलं की मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ दिसतो. तो प्रयोग टाकून द्या, त्यातून रीडिंग निघत नाही. हायड्रोक्लोरिक चालत नाही, परमँगनेट त्यातून क्लोरीन काढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे.

गरम करायचं ते फक्त मोहर सॉल्टऐवजी ऑक्झॅलिक ॲसिड असेल तेव्हा, ६० ते ७० अंश सेल्सिअसला. तिथे पहिल्या थेंबांचा रंग रेंगाळतो. तो एंड पॉइंट समजू नका. मँगनस आयन तयार झाले की तेच अभिक्रियेला वेग देतात. मोहर सॉल्ट तापवलं तर हवेनेच फेरसचं फेरिक होऊ लागतं.

पायलट रीडिंग (अंदाज घ्यायचं पहिलं रीडिंग) झाल्यावर शेवटचा एक मिली थेंबाथेंबाने सोडा. फिकट गुलाबी रंग सुमारे ३० सेकंद टिकला की थांबा. गडद झाला म्हणजे पुढे गेलात. सीबीआर म्हणून एकसारखी आलेली रीडिंगच धरा, सरसकट सगळ्यांची सरासरी काढू नका.

गणितात ५ विसरू नका: एक मोल परमँगनेट पाच मोल फेरसला पुरतं. सीबीआर ९.८ मिली आला, तर मोलॅरिटी = (०.१ × १०) ÷ (५ × ९.८) = ०.०२०४ एम. याला १५८ ने (परमँगनेटच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन) गुणलं की लिटरमागे ३.२२ ग्रॅम.

ब्युरेट लगेच धुवा. तपकिरी डाग राहिलेच, तर विरल सल्फ्युरिक ॲसिड घातलेल्या ऑक्झॅलिकच्या द्रावणाने निघतात.